तेरावर थांबलेलं पाणी

पांढरीपांडे काकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. मी बंद पडलेल्या जिनिंगच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलो होतो. ते सायकल ढकलत आत आले, माझ्यासमोर थांबले, मान तिरकी करून थोडा वेळ नुसतं ऐकत राहिले आणि म्हणाले, "डावी नाकपुडी बंद हाये तुही. लहानपणापासून. होय नं?"

होती. माझ्या आईला सोडून ती गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती.

"मंग तोंडानं श्वास घेत असशील. इंजिनाचंबी तसंच राह्यते, बाप्पा. नाक बंद असलं तरी चालते ते. पण धापा टाकत चालते, आन लवकर म्हातारं होते."

एवढं बोलून ते आतल्या गोडाऊनकडं निघून गेले. माणूस वेडा आहे की वैद्य, मला कळेना.

मी आटपाडीकडचा. आठवीत शाळा सुटली, ती सुटलीच. पुढं मेंढरं झाली, डाळिंबाची बाग झाली, मग सिक्युरिटी कंपनीचा निळा शर्ट अंगावर आला आणि कंपनीनं मला उचलून पांढरकवड्याला आणून टाकलं. ड्यूटी सकाळी सात ते संध्याकाळी सात. राखायचं काय, तर जिथं कापसाचं एक बोंडही आता येत नव्हतं असं एक कंपाउंड, गंजलेल्या रेच्यांची, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांची, एक रांग आणि पत्र्याची दोन गोडाऊनं. चोरावं असं तिथं काही नव्हतं, तरी मला सारखी धास्ती. फाटकाचं कुलूप मी तीनदा ओढून बघायचो. घरी फोन लावायचो आणि बोलायला काही नसलं की जेवण झालं का, एवढंच तीन तऱ्हेनं विचारायचो. गावात कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. पण चहाच्या टपरीवर मी "चहा द्या की" म्हटलं की लोक हसायचे आणि विचारायचे, "तुम्ही पुण्याकडचे काय?" पुणं मी एसटीच्या खिडकीतून एकदाच बघितलेलं. काकांनीही माझं नाव "पुणेकर" ठेवलं आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं.

काका सत्तरीला टेकलेले. उंच, वाळलेले, पाठीत किंचित वाकलेले. यवतमाळच्या वकिलांच्या घरातला हा माणूस. आजोबा वकील, वडील वकील, दोन्ही भाऊ वकील. काकांनी लॉ कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि या जिनिंगवर इंजिनाचे मेस्त्री म्हणून लागले. पांढरीपांडे हे आडनाव आणि कोपरापर्यंत काळे हात, याचं गावाला पन्नास वर्षांनंतरही नवल वाटायचं. घरच्यांनाही. हे मला त्यांनीच हसत हसत सांगितलं: "दादाच्या घरी गेलो का वहिनी सोफ्यावर जुनी चादर टाकते. मी दोनदा साबणानं हात धुतो, नवा शर्ट घालतो. तरी टाकते. आता तं मीच चादर मागून घेतो. तिले त्रास नको."

माझ्याशी आणि इंजिनाशी ते वऱ्हाडी बोलायचे. भावाचा फोन आला की पाठ सरळ करून स्वच्छ पुस्तकी मराठी. "हो दादा. नाही, माझी प्रकृती उत्तम आहे." फोन ठेवला की खांदे पुन्हा खाली यायचे.

मागच्या गोडाऊनमध्ये एक गाडी होती. थोरल्या मालकांनी ऐन उमेदीत हैदराबादहून आणलेली अमेरिकन गाडी, लांबलचक, एके काळी हिरवी, आठ सिलिंडरची. पुढचं बॉनेट एवढं मोठं की त्यावर आमच्याकडं चार माणसं पंगतीला बसतील. तिचा आवाज तालुक्यात प्रसिद्ध होता म्हणतात. पण आवाजाच्या मानानं दम कमी. घाट लागला की धापा टाकायची. थोरले मालक वैतागायचे आणि काका त्यांना म्हणायचे, "मालक, तिच्या नाकाचं काम हाये. एक दिवस करून देतो." तो एक दिवस आला नाही. मालक गेले, जिनिंग बंद पडलं. धाकटे मालक नागपूरला असतात. त्यांनी सांगून ठेवलं होतं की उन्हाळ्याआधी सगळ्या मशिनी भंगारात जातील. गाडी चालू झाली तर ती ठेवू, नाही तर तीही त्याच ट्रकमध्ये.

म्हणून काका रोज सायकलवरून यायचे. धाकट्या मालकांना गाडी नुसती चालू व्हायला हवी होती. काकांना तिचा श्वास मोकळा करायचा होता.

"इंजिनात पेट्रोल कोणीबी घालते," ते म्हणायचे. "हवा घालून दाखवा."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी समजावलं. इंजिनाच्या वर हेड असतं, लोखंडाचा जड ओतीव ठोकळा. या गाडीला दोन. त्या हेडमध्ये हवा आत यायच्या वाटा असतात आणि जळालेला धूर बाहेर जायच्या वाटा. ओतताना त्या वाटा खडबडीत राहतात, कुठं गुठळी, कुठं कोपरा. हवा तिथं अडखळते, भोवरे खाते. काका हातातल्या छोट्या ग्राइंडरनं ती वाट आतून घासायचे, खाली वळतानाचा कोपरा गोल करायचे. करंगळी आत घालून डोळे मिटून बसायचे. त्या एका करंगळीचं नख त्यांनी वाढवून ठेवलेलं होतं, लोखंडावरची केसाएवढी धार त्या नखाला कळायची.

"पण सगळंच काढून टाकलं तर? मोठ्ठं भोक केलं तर?" मी विचारलं.

"तं हवा आळशी होते, लेका. मोठ्या रस्त्यानं माणूस रेंगाळत जाते, बोळीतून झपझप जाते. आन दुसरं असं, या भिंतीच्या पलीकडं पाणी हाये. इंजिन थंड ठेवायचं पाणी. भिंत फुटली का हेड गेलं. असं हेड जिल्ह्यात दुसरं नाही, नागपुरात नाही. जितकं काढाचं तितकंच काढाचं. काढलेलं लोखंड परत लागत नाही."

धूर बाहेर जायच्या बाजूचं काम आधीच झालेलं होतं. जुन्या बॉयलरच्या नळ्या वाळूनं गच्च भरून, तापवून, त्यांनी आठ नळ्या वाकवल्या होत्या. आठही एका लांबीच्या. मी विचारलं, एवढी दोऱ्यानं मोजमापं कशाला? म्हणाले, "एकानं सोडलेला श्वास दुसऱ्याच्या तोंडावर नाही गेला पाह्यजे. घरात जागा कमी असली का माणसं तेच करतात."

जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांच्या लेखी आत येणं आणि बाहेर जाणं यावरच चालायच्या. स्टँडवर एसटीच्या सायलेन्सरमागं तळहात धरून उभे राहायचे. एकदा कुणाच्या तरी वास्तुशांतीचं जेवण होतं, मलाही ओढून नेलं. मांडवामागं आचाऱ्याची भट्टी धुमसत होती, सगळा धूर पंगतीत येत होता. काका दोन घास खाऊन उठले, विटा हलवून भट्टीचं तोंड फिरवलं, मागं पत्रा लावून धुराला वाट करून दिली. जाळ निळा झाला. आचारी पाया पडायचा बाकी राहिला. पंगतीतला एक म्हातारा मात्र मोठ्यानं म्हणाला, "पाह्य बरं! वकीलसाहेबाचं पोरगं भट्ट्या लावून राह्यलं!" लोक हसले. काकाही हसले. परत आले तेव्हा त्यांचं पान उचललेलं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. येताना टपरीवर दोन समोसे घेतले, मला म्हणाले, "पुणेकर, जेवण बम झालं नं?"

वाट किती मोकळी झाली हे मोजायला त्यांनी एक यंत्र बनवलं होतं. लोखंडी ड्रम, त्याच्या खाली भंगारातल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या दोन मोटारी. ड्रमवर हेड ठेवायचं. मोटारी हवा ओढायच्या, हवा हेडमधल्या वाटेनं ड्रममध्ये शिरायची. ड्रमला एक वाकवलेली पारदर्शक नळी जोडलेली, तिच्यात निळीचं पाणी आणि मागं शाळेतली फूटपट्टी. वाट अडलेली असेल तर पाणी वर चढायचं. वाट मोकळी झाली की खाली उतरायचं. जितकं खाली, तितकं चांगलं.

काका हेडमधल्या व्हॉल्व्हचा, झडपेचा, स्क्रू फिरवत हवेचा आवाज ऐकायचे आणि नळी होती ड्रमच्या दुसऱ्या अंगाला. शिवाय त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. आकडे दिसायचे नाहीत. म्हणून एक दिवस त्यांनी फाटकाकडं बघून हाक मारली, "पुणेकर, आकडे वाचता येते काय?"

मला घाम फुटला. शाळेत फळ्यापुढं उभं केल्यावर फुटायचा तसाच. "काका, माझी आठवीच झालीय. चुकलं बिकलं तर?"

"चूक नाही होत त्यात. जे दिसते ते सांगाचं. काय दिसाले पाह्यजे ते नाही सांगाचं. एवढंच हाये."

त्या दिवसापासून मी वाचू लागलो, आणि त्यांनी वळून न बघता डावा हात मागं पसरला की त्यात पानाही ठेवू लागलो. पाणी कडेला चढतं आणि मधे खोल असतं, त्या खोलगट भागाचा आकडा धरायचा, हे त्यांनी शिकवलं. "साडेचौदा." "चौदा." "साडेबारा, काका!" एकेक वाट साडेअकरावर आली की ते ग्राइंडर खाली ठेवायचे आणि दोघं मिळून चहा घ्यायचो. मी आयुष्यात पहिल्यांदा असं काही तरी करत होतो ज्यावर दुसऱ्या माणसाचा हात चालत होता. कुलूप मी आता एकदाच बघायचो. घरी फोनवर सांगायला रोज काही तरी असायचं. आईनं विचारलं, "तू वॉचमन हाईस का डाक्टर?"

हवा आत यायच्या आठ वाटांपैकी सात झाल्या. राहिली सात नंबरची. ती सगळ्यांत वाकडी, म्हणून शेवटी ठेवलेली.

त्याच आठवड्यात काकांच्या पुतण्याच्या मुलाची मुंज होती, यवतमाळला. पत्रिका मोबाइलवर चित्र म्हणून आली होती, ती त्यांनी मला मोठी करून वाचायला लावली होती. फोन कुणाचा आला नव्हता. मुंजीच्या सकाळी ते पांढरा शर्ट घालून आले. आठपासून माझ्या खुर्चीवर बसले, मोबाइल मांडीवर. यवतमाळची गाडी दहाला सुटायची.

"जात का नाही, काका? पत्रिका आलीय की."

"जातो नं. दादा एक फोन करन. निघाला का म्हणून. करतेच तो." थोड्या वेळानं म्हणाले, "कामात असतीन. घरात कार्य म्हटलं का फोन कुठं ठेवला तेबी सापडत नाही."

दहा वाजले. सव्वादहाला रस्त्यावरून एसटी गेली, आम्ही दोघांनी तिचा आवाज ऐकला. काकांनी तिच्या सायलेन्सरचं नावही काढलं नाही. अकरा वाजता उठले, पांढरा शर्ट काढला, नीट घडी करून रेच्यावर ठेवला आणि बनियनवर म्हणाले, "चाल. सात नंबर."

पाणी चौदावर होतं. घासलं, साडेतेरा. घासलं, तेरा. पुन्हा घासलं. मी नळीशी वाकलो. तेरा. हललंच नव्हतं. पाणी उतरायचं थांबलं की वाटेतून आणखी काही मिळणार नाही, तिथं थांबायचं, हा त्यांचा नियम मला पाठ होता. म्हणजे सात नंबर तेरावरच राहणार होतं. बाकीच्या सातांसारखं साडेअकरावर कधीच येणार नव्हतं.

"काय म्हणते, पुणेकर?"

ड्रमच्या पलीकडून त्यांचा चेहरा वर आला होता. चष्म्यावर लोखंडाची भुकटी. सकाळपासून त्या चेहऱ्यानं कुणाची तरी वाट बघितली होती. मला वाटलं, आजच्या दिवशी याला एक तरी बरी बातमी मिळू दे.

"साडेबारा," मी म्हणालो.

ते हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू. "म्हणलं नव्हतं? अजून जागा हाये त्याच्यात." पुन्हा ग्राइंडर. पुन्हा मोजणी. पाणी तेरावर दगडासारखं. आता खरं सांगितलं तर आधीचं खोटं उघडं पडणार. "बारा," मी म्हणालो. आवाज माझा मलाच परका वाटला.

पुढच्या वेळी ग्राइंडरचा सूर बदलला. काकांनी तो झटकन बंद केला. करंगळी आत घातली, डोळे मिटले. बराच वेळ तसेच. मग हेड उलटं करून पाण्याच्या जागेत तांब्याभर पाणी ओतलं आणि आम्ही दोघं बघत राहिलो. सात नंबरच्या वाटेत, खालच्या वळणावर, एक थेंब जमला. मोठा झाला. टपकला. दुसरा जमला.

भोक काडीच्या गुलाएवढंसुद्धा नव्हतं.

मी म्हणालो, "काका..." ते माझ्याकडं बघतही नव्हते. आपल्या उजव्या हाताकडं बघत होते, दुसऱ्याचा असावा तसा.

"आकडा बाराचा होता," ते म्हणाले. "म्हणजे भिंत शाबूत असाले पाह्यजे. हातानंच कुठी घसरलो असन. कळलं नाही मले. कळलंच नाही." नंतर, "पुणेकर, हात गेला माहा."

चार दिवस ते आले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते हत्यारं न्यायला. पोत्यात एकेक टाकत होते. माझ्यासमोरच त्यांनी नागपूरला फोन लावला, स्वच्छ मराठीत: "नाही, माझ्याने होत नाही आता. वय झालं. आपण ट्रक पाठवा, गाडीही घेऊन जाऊ द्या त्यांना." पलीकडून काही विचारलं असावं. "नाही, कुणाची चूक नाही. माझीच."

मी फाटकाशी उभा होतो आणि मला तोंडानंसुद्धा श्वास घेता येईना. त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कधी कळलं नसतं. भंगाराचा ट्रक आला असता, गाडी गेली असती, मला दुसरी ड्यूटी मिळाली असती. आणि हा माणूस उरलेली सगळी वर्षं घरात बसून आपल्या हाताकडं बघत राहिला असता.

"काका, पाणी तेरावरच होतं."

ते पोत्याचं तोंड बांधत होते. "कवा?"

"तवाच. तिसऱ्यांदा घासलं तवापासनं. साडेबारा नव्हतं, बाराबी नव्हतं. मी खोटं सांगितलं."

"काहून?"

"तुमाला फोन आला नव्हता म्हणून."

त्यांनी दोरी सोडली. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते सरळ गोडाऊनमध्ये गेले, हेड उचलून ड्रमवर ठेवलं, त्या भोकावर आतून मेण दाबलं, मोटारी लावल्या. "वाच."

"तेरा."

"पुन्हा पाह्य."

"तेराच, काका."

मोटारी बंद केल्या. सगळीकडं शांत झालं. मग त्यांनी उजवा हात वर धरून बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "म्हणजे हात नाही गेला," ते हळूच म्हणाले. आणि मग माझ्यावर एवढ्यानं ओरडले की पत्र्यावरची कबुतरं उडाली. "अबे लेका, माही कीव करतो? मले खोटे पेढे कायले पाह्यजे? सगळी दुनिया मले चादर टाकून बसवते, आन आता तूबी टाक!"

त्या दिवशी ते माझ्याशी पुढं एक शब्द बोलले नाहीत. पण नागपूरला फोन लावला. या खेपेला वऱ्हाडीतच: "ट्रकले म्हना मशिनी ने. गाडी नाही."

ओतीव लोखंडाला डाग देणं अवघड असतं. एका जागी तापवलं की दुसऱ्या जागी तडकतं. काकांनी जवळच्या शेतातून बैलगाडीभर पऱ्हाट्या आणवल्या, कापूस वेचून झाल्यावर उरतात ती वाळकी झाडं. जिनिंगच्या अंगणात त्यांचा जाळ केला, निखाऱ्यांत सगळं हेड सारखं तापवलं आणि तापल्या हेडमध्ये वाकून पितळेची कांडी वितळवून ते भोक बुजवलं. उष्णतेनं त्यांच्या भुवया होरपळल्या. मग हेड पऱ्हाट्यांच्याच राखेत पुरलं. तीन दिवस हात लावायचा नाही. लवकर थंड झालं तर चिरतं.

ते तीन दिवस काका राखेच्या ढिगाशेजारी बसून राहिले. मी बोलायला गेलो की मान फिरवायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी न बघताच चहाचा दुसरा कप माझ्याकडं सरकवला. म्हणाले, "आठवीत कायले सोडली शाळा?"

मी सांगितलं. गणिताच्या मास्तरांनी उत्तर विचारलं, मला येत नव्हतं, मास्तरांना आवडेल असं काही तरी सांगितलं, ते चुकलं, वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही.

काकांनी बशीतला चहा संपवला. "म्हणजे तुही खोड जुनी हाये," एवढंच म्हणाले. पण त्यात राग नव्हता.

हेड राखेतून निघालं ते सलग निघालं. पाणी भरून एक दिवस ठेवलं, थेंब पाझरला नाही. सात नंबर मोजलं. पितळेचा उंचवटा आत राहिल्यामुळं पाणी थोडं वर गेलं होतं. मी नळीशी नाक लावून दोनदा बघितलं.

"साडेतेरा."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी ग्राइंडर उचललाच नाही. "राहू दे," म्हणाले. "एखादं लेकरू असं राह्यतेच घरात."

महिन्याभरात मशिनी गेल्या. रिकाम्या कंपाउंडला वॉचमन नको होता. माझी बदली रायपूरच्या एका गोदामावर झाली. निघायच्या दिवशीच सकाळी गाडी पहिल्यांदा फाटकाबाहेर पडली. पुढच्या आठवड्यात धाकटे मालक तिला नागपूरला नेणार होते, तोवर ती काकांची. काका म्हणाले, "बस अंदर. हायवेवरून नागपूरची गाडी मिळते तुले. सोडून देतो." माझी बॅग मागच्या सीटवर टाकली. सीट एवढी रुंद की बॅग तिथं अनाथ दिसत होती.

त्या गाडीचा आवाज मला लिहिता येत नाही. छातीत ऐकू यायचा. हायवेला लागल्यावर काकांनी ती ओढली. दोन्ही बाजूंची तुरीची शेतं मागं सरकू लागली. काका सीटला पाठ लावून सरळ बसले होते, भावाशी फोनवर बोलताना बसायचे तसे, पण चेहरा अगदी वेगळा. केळापूरच्या फाट्याआधी चढ आहे. त्यांनी पाय दाबला. गाडी चढ चढली, धाप न टाकता.

वर पोचल्यावर समोर बघतच त्यांनी विचारलं, "कशी ओढते?"

मस्त ओढते, काका. हे माझ्या जिभेवर आलं होतं. पन्नास वर्षांनी त्यांनी थोरल्या मालकांना दिलेला शब्द पुरा केला होता, आणि थोड्या वेळानं मी निघून जाणार होतो.

"वरच्या दमाला एक ठोका मागं राहतोय," मी म्हणालो. "सात नंबरचा असंल."

त्यांनी गाडी फाट्यावर बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. "मलेबी तसंच वाटलं," ते म्हणाले. "पण एकट्याच्या कानावर भरोसा नाही ठेवता येत, पुणेकर. एकट्याले काहीबी ऐकू येते." आणि लगबगीनं उतरून बॉनेट उघडलं.

मागून बस दिसू लागली. मी बॅग काढली, हात केला. बस थांबली. "काका, येतो मी," मी ओरडलो.

"हं," बॉनेटच्या आतून आवाज आला.

बसमध्ये जागा मागच्या बाकावर मिळाली. बस सुटली तशी मी वळून मागच्या काचेतून बघितलं. रस्त्याकडेला ती लांब हिरवी गाडी, आणि इंजिनात कमरेपर्यंत वाकलेली काकांची पाठ. डोकं दिसत नव्हतं. मग त्यांचा डावा हात मागं आला, पाना मागायला यायचा तसा, आणि पंजा उघडून तिथंच राहिला.